गुळाची बारी

आमच्या घरात कोणता महिना चालू आहे हे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या आधी दादांच्या सदऱ्यावरून कळायचं. दादा म्हणजे माझे वडील. मार्केट यार्डात हमाल. सदऱ्याला मुंग्या लागल्या की गुळाचा महिना. दादा दाराबाहेरच शिंकत उभे राहिले आणि आईनं आतून "तिथंच काढा कापडं, आत आणू नका" असं बजावलं की मिरचीचा. मानेला, कानामागं कुसळं टोचत असली की धान्याचा. बनियनमधून पापुद्रे गळायला लागले की कांदा-बटाट्याचा. तेलाच्या डब्यांचा महिना मला आणि धाकट्या मिलिंदला नकोसा व्हायचा, कारण दादा घरी आले की तेलकट हात आमच्याच डोक्याला पुसायचे आणि वर म्हणायचे, "बघ, खोबरेल वाचलं." आणि शेवटचा बारदानाचा. बारदान म्हणजे रिकामी पोती. ती झटकायची, गठ्ठे बांधायचे, थप्पी लावायची. पाठीला ओझं कमी, पण नाकातोंडात धूळ आणि मजुरी अगदी थोडी. त्या महिन्यात आई आमटी इतकी पातळ करायची की मिलिंद ताटात वाकून म्हणायचा, "आई, यात माझं तोंड दिसतंय." आई म्हणायची, "मग धुऊन घे."

बिबवेवाडीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत आम्ही चौघं, मागच्या खोलीत चूल, मोरी आणि आईचं राज्य. आई यार्डातल्याच एका दुकानात धान्य निवडायला जायची, त्यामुळं तिच्या बोटांना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. गप्पा मारतानाही ती सतरंजीवरचे न दिसणारे खडे वेचत असायची. पहाटे आधी दादांचा खाकरा, मग स्टोव्हची फरफर, मग भाकरी थापल्याचा आवाज, आणि या सगळ्यावर ताण म्हणजे शेजारच्या बबनकाकांचा रेडिओ. बबनकाका दादांचे जोडीदार. दोघांनी मिळून पोती उचलायची म्हणून जोडी. पण ती घरापर्यंत आली होती. गुळाचा महिना लागला की पहिल्या रविवारी दोन्ही घरांत मटण शिजायचं आणि दोन्ही घरांतली पोरं दोन्हीकडं जेवायची. फुटलेल्या ढेपेचे खडे दादा खिशातून आणायचे. त्यांना घामाचा आणि तंबाखूचा जरासा वास असायचा. नंतर मी परदेशातली महागडी चॉकलेटं पुष्कळ खाल्ली. त्यांतलं एकही त्या खड्याच्या जवळपास आलं नाही, असं मी म्हणते तेव्हा माझी मुलगी डोळे फिरवते.

हे असं महिन्यागणिक का बदलायचं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. दादांच्या टोळीत बारा माणसं, म्हणजे सहा जोड्या. त्यांच्याकडं गाळ्यांची एक अख्खी ओळ होती आणि त्या ओळीत सहा तऱ्हेचा माल. ज्या जोडीकडं जो माल, त्याची मजुरी त्या जोडीची. गुळाला सगळ्यांत जास्त, मिरचीला त्याच्या खालोखाल, आणि असं उतरत उतरत बारदानापर्यंत. एखाद्या महिन्यात बाहेरच्या माणसानं येऊन पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, काय हा अन्याय. एकाच टोळीत एकाच्या घरी मटण आणि दुसऱ्याच्या घरी तोंड दिसणारी आमटी. पण टोळीच्या मुकादमांनी, आबांनी, चहाच्या टपरीमागं एक उभी फळी टांगली होती. तिच्यावर एकाखाली एक सहा खिळे. अर्ध्या टोळीला वाचता येत नसल्यामुळं प्रत्येक खिळ्याशेजारी चित्र. ती चित्रं मी सहावीत असताना उरल्यासुरल्या ऑइलपेंटनं काढली होती. माझी मिरची बरी होती, पण गुळाची ढेप सगळ्यांना दगड वाटायची. प्रत्येक जोडीचा एक पितळी बिल्ला त्या खिळ्यांना लटकलेला असायचा. एक तारखेला सकाळी आबा बिल्ले फिरवायचे. प्रत्येक बिल्ला एक खिळा खाली, आणि तळाचा, बारदानावरचा, थेट वर गुळावर. याला टोळीत बारी म्हणायचे. एकदा मी आबांना विचारलं, खालून एकेक वर का नाही चढवत? ते म्हणाले, "जो पार खाली गेलाय, त्याला आधी उचलावं पोरी. बाकीच्यांना दम असतो."

सहा महिन्यांत प्रत्येक बिल्ला प्रत्येक खिळ्यावर एकदा बसायचा. मग कोण कुणावर जळणार? आमचं बारदान चालू असताना एका मिरचीवाल्या हमालाची बायको नवं लुगडं नेसून पाण्याच्या नळावर आली, तर आई नुसतं एवढंच म्हणाली, "नेस बाई, नेस. दोन महिन्यांनी तू माझं बघायला ये." दोघी हसल्या. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. जगात सगळीकडं असंच असतं, अशी माझी समजूत होती, आणि ती बरीच वर्षं टिकली.

मी कॉलेजात असताना टोळीवर एक संकट आलं. तेल पत्र्याच्या डब्यांऐवजी पिशव्यांतून यायला लागलं, आणि त्या खोक्यांबरोबर कंपनीची स्वतःची माणसं. डब्यांचं काम बसलं. आता जोड्या सहा आणि कामं पाच. टोळीतल्या दोन तरण्या गड्यांनी सुचवलं की सगळ्यांत म्हाताऱ्या जोडीनं आता घरी बसावं. आबांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि म्हणाले, "खिळा काढायचा न्हाई." झालं. डब्याच्या चित्राशेजारचा खिळा तसाच राहिला. ज्याचा बिल्ला त्याच्यावर येईल तो महिनाभर घरी. त्याला रिकामा खिळा म्हणायला लागले. सगळ्यांच्या घरी सहा महिन्यांतून एकदा थोडी ओढाताण झाली, पण माणूस कुणी गेला नाही. दादांच्या पहिल्या रिकाम्या महिन्यात आई कामाला जायची आणि दादा स्वयंपाक करायचे. त्यांच्या भाकरीला आकार म्हणून नव्हता. मिलिंदनं एक भाकरी हातात धरून "हा महाराष्ट्राचा नकाशा, फक्त कोकण तुटलंय" असं म्हटल्यावर दादांनी त्याला कोकण खायला लावलं.

त्याच सुमारास पुण्याचं वारं फिरलं. तोवर आमच्या गल्लीत कारखान्यात पर्मनंट असलेला मुलगा म्हणजे जावयांतला राजा. मग कारखाने माणसं कमी करायला लागले, आणि प्रत्येक वाण्याच्या दुकानावर एक कॉम्प्युटरचा क्लास निघाला. मीही एकात नाव घातलं. त्याची फी दादांनी मिरचीच्या महिन्यात भरली, म्हणून मी गमतीनं म्हणत असते की माझं शिक्षण शिंका येऊन झालं. बी. एस्सी. आणि तो कोर्स एवढ्या भांडवलावर मला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, आणि तीन-चार वर्षांत माझा पगार असा वाढला की घरात बोलायचीच पंचाईत झाली. दादा वर्षभर पाठीवर वाहून जे मिळवत, ते मी खुर्चीत बसून कॉफी पीत दोन महिन्यांत मिळवू लागले. मला त्याची लाज वाटायची आणि गर्वही व्हायचा, दोन्ही एकदमच.

एका रविवारी जेवताना दादांनी विचारलं, "सुजे, ही तुझी गुळाची बारी किती महिने चालणार?"

"दादा, आमच्यात बारी नसते. पगार वाढतच जातो."

"आन् तुझ्याबरोबर ज्याला कमी हाय, त्याचं?"

"त्याचा कमीच राहतो. म्हणजे, त्यानं चांगलं काम केलं तर वाढेल."

दादांनी भाकरी मोडली. "न बदलणारी बारी, ही काय बारी झाली? ह्याला तर आमच्यात दादागिरी म्हणत्यात."

"चांगलं चाललंय पोरीचं, नजर लावू नका," आई म्हणाली आणि त्यांच्या ताटात मुद्दाम जास्त रस्सा वाढला, म्हणजे तोंड भरलेलं राहील.

पण दादांचं ते बोलणं माझ्या डोक्यात बसलं. थोड्याच दिवसांत मला टीम लीडर केलं. हाताखाली पाच जण. कंपनीचा नियम असा, की वर्षाच्या शेवटी पाचांतल्या एकाला 'ए' शेरा द्यायचा, एकाला 'डी' द्यायचाच, बाकीचे मधले. 'ए'ला भरघोस वाढ, 'डी'ला काही नाही. माझे पाचही जण मान मोडून काम करणारे. त्यांतल्या एकाला उगाच खाली ढकलायचं मला जमेना. ऑफिसखालच्या टपरीवर मी त्यांना हे सगळं सांगून टाकलं, आणि बोलता बोलता दादांच्या फळीची गोष्टही सांगितली.

त्या पाचांत सोपान होता. वाघोलीचा; शेतकऱ्याच्या घरातला पहिला शिकलेला. ऑफिसात तो जपून शुद्ध बोलायचा, पण काम रंगात आलं की 'हाय' सुटायचंच. तो चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, मग आपणही खिळे ठोकू."

सगळ्यांनी मान डोलावली. एका रिकाम्या फ्लॉपीच्या डबीत चिठ्ठ्या टाकून पाच वर्षांच्या बाऱ्या ठरवल्या. आबांचाच कायदा: ज्याला या वर्षी 'डी', त्याला पुढच्या वर्षी 'ए'. आम्ही 'ए'ला गूळ म्हणायचो आणि 'डी'ला बारदान. सोपानला तिसऱ्या वर्षी बारदान आणि चौथ्या वर्षी गूळ आला. चिठ्ठी खिशात घालताना त्यानं एक शंका काढली. "मॅडम, यात एक भानगड आहे. यार्डात महिना संपला की पाटी कोरी. इथं एकदा वाढलेला पगार वाढलेलाच राहतोय. ज्याला गूळ आधी, तो कायम थोडा पुढंच राहणार."

"बारीनं सगळं सारखं होतं रे," मी म्हटलं. किती सहज म्हटलं. आज मला वाटतं, त्या टपरीवर सगळ्यांत हुशार माणूस तोच होता आणि सगळ्यांत शहाणपणा मिरवणारी मी.

तीन वर्षं मात्र मजेत गेली. कुणी कुणाचं काम लपवलं नाही, कुणी कुणाची चहाडी केली नाही. बारदानावरच्या माणसाला बाकीचे चौघं महिन्यातून एकदा वडापाव आणि क्रीमरोल खाऊ घालायचे. आमचं काम सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत कमी चुकांचं व्हायचं. आमचे मोठे साहेब, लिमये, एकदा म्हणाले, "तुमची टीम भांडत नाही, हे जरा संशयास्पद आहे." मी हसून वेळ मारून नेली.

तिसरं वर्ष सोपानचं. मी त्याच्या नावापुढं 'डी' लिहिलं, सही केली, त्यानं क्रीमरोल खाल्ला. आणि दोनच महिन्यांत तिकडं अमेरिकेतल्या कंपन्या धडाधड बसायला लागल्या. त्यांच्या कामावर आमचं पोट. एका सकाळी लिमयेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बसा," ते म्हणाले. "उभं राहिल्यानं बातमी लहान होत नाही."

मी बसले.

"प्रत्येक टीममधला 'डी' या महिनाअखेर जाणार. तुमच्याकडं तो सोपान."

"साहेब, तो 'डी' नाही."

"कागदावर सही आपलीच आहे."

"सही माझी आहे. पण त्या वर्षी त्याची फक्त बारी होती." आणि मी त्यांना फळीपासून फ्लॉपीच्या डबीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे तीन वर्षं आपण कंपनीच्या खर्चानं भोंडला घातलात."

"काम चोख झालं, साहेब."

"ते झालं, म्हणून आपण अजून इथं बसला आहात. बरं, मग खरा 'डी' कोण? नाव सांगा, कागद बदलतो."

मी नाव दिलं नाही. मी त्यांना रिकाम्या खिळ्याचं सांगितलं. म्हटलं, माणूस काढू नका; आम्ही सहाही जण आळीपाळीनं एकेक महिना बिनपगारी घरी बसतो, मीसुद्धा. तेवढीच बचत होईल.

"बाई, ही कंपनी आहे. मार्केट यार्ड नाही."

"हो साहेब," मी म्हटलं, "मार्केट यार्डात माणूस काढत नाहीत."

लिमये काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी वर फोन करून विचारलं, माझ्यासमोरच. पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण साहेबांनी तीनदा "येस" म्हटलं आणि फोन ठेवला. मग म्हणाले, "वाघोलीचा ना तो? जमिनी असतात त्यांच्या. त्याचं काही अडणार नाही. नाहीतर दुसरं नाव द्या."

इथं मला एक खरं लिहायला हवं. दुसरं नाव माझंही असू शकलं असतं. तो विचार माझ्या मनात आला, केबिनच्या थंड हवेत अर्धा मिनिट बसला आणि निघून गेला. बिबवेवाडीत आम्ही नुकताच तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला होता. दादांचे गुडघे गेले होते, मिलिंद शिकत होता. कारणं सगळी खरी होती. तरी मी गप्प बसले, आणि माझ्या गप्प बसण्यानं सोपान गेला. हे मला तेव्हाही कळलं होतं.

त्याला पत्र मिळालं त्या दिवशी मी नेमकी क्लायंटकडं होते. नेमकी म्हणजे, मीच ती भेट त्या दिवशी ठेवली होती. रविवारी मी दादांना सगळं सांगितलं. त्यांनी पायात चपला घातल्या. "चल. मी बी येतो. फळी आमची हाय."

बसनं वाघोलीला गेलो. सोपानचं घर रस्त्यापासून आत, दोन म्हशी, अंगणात कडब्याची गंजी. त्याच्या आईनं काही न विचारता चूल पेटवली. पिठलं, भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. जेवताना दादा आणि सोपानचे वडील गुळाच्या भावावर बोलायला लागले, जणू आम्ही सोयरीक जमवायला आलो होतो. मग दादांनी सहज विचारलं, "रान किती हाय?"

"होतं की," ते म्हणाले आणि हातानं कुंपणापलीकडं दाखवलं. तिथं चार मजली कॉलेज उभं होतं. "ह्याच्या फीसाठी काढलं. तवा कवडीमोलानं गेलं. आता घेणाऱ्याचाच पोरगा तिथं वरच्या मजल्यावर हापिसात बसतोय. आमचा इथं बसलाय." आणि ते मोकळेपणानं हसले.

सोपान आम्हाला बसपर्यंत सोडायला आला. मी माफी मागायला सुरुवात केली तशी त्यानं मान हलवली. ऑफिसात मी मॅडम होते, इथं तो म्हणाला, "ताई, बारदानाचं काय न्हाई. बारी होती माझी, मी खाल्ली. क्रीमरोल बी खाल्ले." मग चपलेच्या टोकानं खडा उडवत म्हणाला, "पण त्याच्यानंतर गूळ हाय ना? तेवढाच राहिला बघा."

बस आली. हडपसरच्या बाजूनं फिरत तिनं निम्मं पुणं पार केलं. स्वारगेट जवळ आल्यावर दादा म्हणाले, "सुजे, खिळे दुसऱ्याच्या हातात असतील तर बिल्ले फिरवू नये." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

पुढं दोन वर्षांनी दिवस पालटले. मी दुसऱ्या कंपनीत गेले, तिथं मला आठ जणांची टीम बांधायला सांगितली, आणि पहिला फोन मी वाघोलीला केला. मधल्या काळात सोपान गावातल्या क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवत होता. मुलाखत त्यानं स्वतःच्या हिमतीवर दिली. त्यात माझं काही नाही. पण त्याचा पगार लागला तो नवख्यांच्या बरोबरीनं. त्याचे जुने चार सोबती तोवर दोन वाढी घेऊन कुठल्या कुठं गेले होते. ते अंतर पुढंही कधी भरून निघालं नाही, आजतागायत नाही. त्या चौघांची आणि त्याची आता भेट झाली की बिल देण्यावरून जी झोंबाझोंबी होते ती बघवत नाही, कारण तो हटकून जिंकतो.

नव्या कंपनीतही वर्षअखेरीचे शेरे होतेच. बाऱ्या लावायचं मी सोडून दिलं होतं. मुकाट्यानं काम बघायचे आणि लिहायचे. फक्त त्या पहिल्या वर्षी मी सोपानला सगळ्यांत वरचा शेरा दिला. त्याचं काम चांगलंच होतं. त्याच्याहून चांगलं कुणाचं होतं का, हे विचारू नका. त्याची एक बारी बाकी होती.

वाढीचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तो आमच्या घरी आला. लिफ्ट बंद होती. तीन जिने चढून, खांद्यावर गुळाची अख्खी ढेप, फडक्यात बांधलेली. त्यानं ती दादांच्या पुढ्यात ठेवली आणि वाकून नमस्कार केला. दादांचं काम तेव्हा सुटलेलं होतं. आयुष्यभराची मिरची छातीत बसून खोकत होती. तरी त्यांनी ढेपेखाली हात घातला, जराशी उचलून पाहिली आणि म्हणाले, "दहा किलोला पावशेर कमी हाय. फसवलं तुला." मिलिंद हसता हसता खाटेवर आडवा झाला. आईनं बत्ता आणून ढेप फोडली. सगळ्यांनी खडे तोंडात टाकले. मला इतकं हलकं वाटलं, इतकं, की मी दुसरा खडा उचलला.

दादांनी खडा गालात धरला आणि विचारलं, "आन् औंदा बारदानावर कोण?"

मी म्हटलं, "आहे एक मुलगी. नवीन आहे. नागपूरकडची."

"तिला सांगितलंस, आता फुडचा गूळ तुझा म्हणून?"

"तसं सांगता येत नाही दादा. तिथं फळी नाही."

दादांनी बत्ता घेतला, ढेपेचा चांगला मुठीएवढा तुकडा काढला, वर्तमानपत्राच्या कागदात बांधला आणि माझ्या हातात दिला. "मग एवढं तरी दे तिला."

मी तो पुडा ऑफिसात नेला आणि टेबलाच्या खणात ठेवला. काय सांगून देणार होते मी तिला? आज देऊ, उद्या देऊ करत आठवडा गेला. ती रोज माझ्यासमोरून जायची, मान खाली घालून, आणि मी स्क्रीनकडं बघायचे. मग एक दिवस ती कसल्याशा कागदावर माझी सही घ्यायला आली आणि उभ्या उभ्या खाली बघत राहिली. खणाच्या फटीतून मुंग्यांची रांग टेबलाच्या पायावरून थेट तिच्या चपलेपर्यंत आली होती.

"मॅम," ती म्हणाली, "इथं गूळ आहे का कुणाचा?"

"तुझा आहे," मी म्हटलं. शेजारची खुर्ची ओढली, तिला बसवलं, पुडा झटकून तिच्या हातात दिला आणि दादांच्या सदऱ्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.